आपल्या दगडात निकेल का नाही?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता आणि टाळेबंदी यांपलीकडे तो काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती फारशी चुकीचीही नाही. पण आज मी एका खनिजाविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. तेव्हा या बोलण्यात काही उणे राहिले तर ते माझे समजावे, शास्त्राचे नव्हे.

हा विषय माझ्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगतो. अठराव्या वर्षी मी मेहरूणजवळच्या एका मुलाम्याच्या कारखान्यात कामाला लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तीन टाक्या आणि सात माणसे. सायकलीची हँडले, खुर्च्यांचे पाय, नळाच्या तोट्या यांवर निकेलचा मुलामा चढवायचा. निकेलच्या टाकीतले पाणी इतके सुंदर हिरवे असते की नवखा माणूस पाहतच राहतो. महिन्याभरात माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग पुरळ उठले, मग कातडी फाटली. जुने कामगार म्हणाले, "निकेलची खाज आहे. खोबरेल लाव." हातमोजे मागितले तेव्हा मालक नुसते हसले. असो.

त्या टाकीत निकेलच्या पट्ट्या टांगलेल्या असत. त्या झिजत, संपत, आणि परदेशाहून आलेल्या खोक्यांतून नव्या निघत. आमच्यात एक वयस्क कामगार होता. त्याचे अर्धे आयुष्य खडी फोडण्यात गेले होते. एके दिवशी झिजलेली पट्टी हातात घेऊन तो मला म्हणाला, "भो, सारा जलम दगड फोडामा गया. आपला दगडमा हाई काबर नही?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात बरीच वर्षे गेली. ते उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो. त्याला ते सांगायचे राहून गेले.

निकेल ही धातू निसर्गात बहुधा सुटी सापडत नाही. ती कोणाशी तरी जोडी करून असते. कधी प्राणवायूशी, कधी सोमलाशी, आणि फार वेळा गंधकाशी. निकेल आणि गंधक या दोघांचीच जोडी झाली की जे खनिज होते त्याला मिलेराइट म्हणतात. ते ओळखायला खानदेशच्या माणसाला अवघड जाऊ नये. सावद्याकडच्या दगडखाणींत काळा दगड फोडला की एखाद्या पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचा झुबका सापडतो. आपण सरसकट त्याला गारगोटी म्हणतो, शास्त्रज्ञ झिओलाइट म्हणतात, आणि सावदा हे नाव त्यासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्यातल्या काही जातींचे स्फटिक सुईसारखे बारीक असतात. अशाच सुया पांढऱ्या नसून पितळेच्या रंगाच्या आहेत आणि केसाइतक्या बारीक आहेत, अशी कल्पना करा. ते मिलेराइट. दिसायला सोन्याची तार. पण चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठतो, आणि खरबरीत चिनीमातीवर घासले तर रेघ सोनेरी न उमटता हिरवट काळी उमटते. आपला काळा दगड पाण्याच्या तिप्पट जड, तर हे साडेपाच पट. शंभर भार घेतले तर सुमारे पासष्ट भार निकेल आणि पस्तीस भार गंधक.

जर्मन खाणकामगार याला 'केसांचे माक्षिक' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आपल्या वैद्यांना सुवर्णमाक्षिक ठाऊक आहे, त्याच्याच गोतातले हे समजा. बोहेमियातील योआखिमस्थाल हे त्याचे मूळ गाव. याच गावच्या चांदीच्या नाण्याला 'थालर' म्हणत आणि त्यावरून पुढे 'डॉलर' हा शब्द निघाला. याच गावच्या खाणीतल्या मालातून क्युरी दांपत्याने रेडियम शोधले. १८४५ साली हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने या केसाळ खनिजाला केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम मिलर यांचे नाव दिले. तेव्हापासून ते मिलेराइट झाले.

निकेल हे नाव मात्र प्राध्यापकांनी नव्हे, कामगारांनी दिले आहे, आणि तेही शिवी म्हणून. सॅक्सनीच्या डोंगरांत खाणकामगारांना तांब्यासारखा तांबूस दगड सापडे. भट्टीत घातला तर तांबे निघत नसे, उलट सोमलाचा विषारी धूर निघे. ते म्हणत, यात 'निकेल' बसला आहे. निकेल म्हणजे खोडकर भूत. १७५१ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशाच एका खनिजातून नवी धातू वेगळी काढली आणि त्या भुताचेच नाव तिला ठेवले. गंमत अशी की, या शोधाच्या सुमारे एकोणीसशे वर्षे आधी बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांनी तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची नाणी पाडली होती. म्हणजे धातू हातात होती, नाव नव्हते.

आपल्या खिशात निकेल आले ते १९०७ साली, एक आण्याच्या नाण्यातून. त्यात तांबे अधिक आणि निकेल कमी. पुढे १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा निघाला. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला वाघ. कोणाच्या घरी जुन्या डब्यात तो असेल तर लोहचुंबक लावून पाहा, चिकटतो. चांदीचा रुपया चिकटत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. निकेल आणि गंधक यांची गाठ जमिनीखाली पडते कशी?

दोन रीतींनी पडते. पहिली सौम्य रीत. खडकांच्या भेगांतून कोमट-गरम पाणी झिरपत असते. वाटेत ते थोडे निकेल आणि थोडा गंधक उचलते आणि एखाद्या पोकळीत ठेवून जाते. त्यातून त्या सोनेरी सुया वाढतात. अमेरिकेतल्या चुनखडीच्या पोकळ्यांत त्या सापडतात. वेल्समध्ये तर कोळशाच्या खाणीतले कामगार लोहदगडाचे गोळे फोडत तेव्हा आतून हे सोनेरी केस निघत. पण अशा सुयांवर कारखाने चालत नाहीत. ते शोभेचे लेणे आहे.

दुसरी रीत आगीची. पृथ्वीच्या पोटातून सुमारे बाराशे अंश तापलेला शिलारस वर येतो तेव्हा त्यात थोडे निकेल असतेच. त्या रसात गंधक गरजेपेक्षा जास्त झाला की तो विरघळून राहत नाही. शेवभाजीत तर्री जशी रश्श्यात मिसळत नाही, वेगळी होते, तसे गंधकाचे थेंब रसातून वेगळे होतात. फरक इतकाच की आपली तर्री हलकी म्हणून वर येते, आणि हे थेंब जड म्हणून तळाशी बसतात. बसता बसता ते आजूबाजूच्या रसातले निकेल आणि तांबे ओढून घेतात. निकेलला शिलारसापेक्षा गंधकाच्या थेंबात राहणे शेकडो पटींनी अधिक पसंत असते. हे सारे थिजले की लोह, निकेल आणि गंधक यांचे पेंटलंडाइट नावाचे खनिज होते; त्यात सुमारे एक तृतीयांश निकेल असते. गंधकी खाणींतला बहुतेक माल हाच. याच पेंटलंडाइटवर पुढे पाण्याची क्रिया होऊन कित्येक ठिकाणी मिलेराइट तयार होते.

आता आपला काळा दगड पाहा. तापीच्या गाळाखाली, सातपुड्यात, अजिंठ्याच्या डोंगरात, सगळीकडे तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो झाला. त्यात निकेल नाही असे नाही. एका टनात शंभर ग्रॅमच्या आसपास असते. मेहरूणच्या तलावाकाठी बोरीखाली जो धोंडा पडला आहे, त्यातही ते आहे. पण ते विखुरलेले आहे, कणाकणात कोंडलेले आहे. ते गोळा करणारा गंधक पुरेसा भेटला नाही. म्हणून खाण चालावी असा साठा या दगडात आजवर मिळालेला नाही.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. आपल्या दगडाचा एक थोरला भाऊ सायबेरियात आहे. तेथेही असाच लाव्हारस वाहिला, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, आणि आपल्यापेक्षा अधिक विस्ताराने. पण तेथे वर येणाऱ्या रसाला वाटेत कोळशाचे आणि गंधकयुक्त क्षारांचे जाड थर लागले. रसाने तो गंधक खाल्ला, थेंब वेगळे झाले, आणि नोरिल्स्क येथे जगातल्या सर्वांत श्रीमंत निकेल-साठ्यांपैकी एक तयार झाला. दगड एका जातीचे, दैव वेगळे. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे भूवैज्ञानिक देतात ते उत्तर थोडक्यात एवढेच, की निकेल होते, गोळा करणारा नव्हता. तीस वर्षे विखुरलेली माणसे एकत्र आणण्याचे काम केलेल्या मला हे उत्तर समजायला वेळ लागला नाही.

दुसरे मोठे ठिकाण कॅनडातले सडबरी. त्याची जन्मकथा लोणार पाहिलेल्याला चटकन कळेल. लोणारला आकाशातून उल्का पडली आणि काळ्या दगडात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. सडबरीला १८५ कोटी वर्षांपूर्वी असाच आघात झाला, पण इतका प्रचंड की जमिनीचे कवच वितळून त्याचे सरोवर झाले. त्या वितळलेल्या खडकातून गंधकाचे जड थेंब तळाशी बसले. लोणारचा आघात त्या मानाने लहान. तेथे सरोवर झाले ते पाण्याचे.

येथपर्यंतची कथा निसर्गाची. येथून पुढे माणसाची सुरू होते, आणि तिच्यात तोच गंधक पुन्हा भेटतो. जो निकेल गोळा करतो, त्यालाच शेवटी हाकलून द्यावे लागते. तो जातो कोठे?

सडबरीचा साठा उघडकीस आला १८८३ साली, रेल्वेचा मार्ग खोदताना. पुढे कच्चा माल लाकडांच्या ओंडक्यांवर ढीग करून पेटवून देण्याची पद्धत पडली. हे ढीग महिनोन्महिने धुमसत. गंधकाचा धूर जमिनीसरसा पसरे. भोवतालचे जंगल आधी ओंडक्यांसाठी तुटले, राहिले ते धुराने मेले, आणि उघडे पडलेले खडक काळे झाले. उघड्यावर भाजण्याचा हा प्रकार १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला. मग धुरांडी उंच होत गेली. १९७२ साली ३८१ मीटर उंचीचे धुरांडे उभे राहिले. त्याने गावातला धूर कमी झाला आणि दूरच्या तळ्यांवर आम्लाचा पाऊस पडू लागला. धूर उंच सोडला म्हणजे नाहीसा होत नाही, पत्ता बदलतो.

तेथील कामगारांची संघटना मान्य व्हायला १९४४ साल उजाडले. १९५८ च्या संपात ते तीन महिने बाहेर राहिले आणि फारसे पदरात न पडता परतले. १९७८ च्या सप्टेंबरात अकरा हजारांहून अधिक कामगार पुन्हा बाहेर पडले आणि जून १९७९ पर्यंत परतले नाहीत. कॅनडाचा हिवाळा बिनपगारी काढणे म्हणजे काय, याची कल्पना जळगावच्या उन्हात करता येत नाही. त्या संपात कामगारांच्या बायकांनी आपली स्वतंत्र संघटना केली, मुलांचे कपडे आणि जेवण यांची व्यवस्था लावली, आणि १९५८ साली ज्या घरांतून संप मोडल्याचा बोल बायकांवर ठेवला गेला होता, त्याच घरांतून तो टिकवून दाखवला. १९७८ पासूनच त्या काळ्या खडकांवर चुना टाकून गवत आणि झाडे लावण्याचे काम सुरू झाले. त्यात विद्यार्थी होते, आणि पुढे कामावरून कमी केलेले खाणकामगारही होते. आज तेथे लक्षावधी झाडे उभी आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बिघडलेले सुधारत नाही असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

नोरिल्स्कची कथा याहून काळी. १९३५ पासून ते शहर आणि त्या खाणी बंदिवानांच्या हातांनी उभारल्या गेल्या. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, जमीन कायम गोठलेली, आणि कामगार म्हणजे शिक्षा झालेला माणूस. १९५३ साली तेथल्या बंद्यांनी काम थांबवले. तो लढा उन्हाळाभर चालला आणि शेवटी बंदुकांनी मोडला गेला. माझ्या पिढीच्या कार्यकर्त्यांना त्या देशाविषयी मोठे ममत्व होते, मलाही होते. पण जेथे श्रमिकाला काम नाकारण्याचा हक्क नाही, ते राज्य कोणत्याही रंगाचे असो, श्रमिकाचे नव्हे, एवढे मी या धातूच्या इतिहासावरून शिकलो.

आणि तिसरी कथा वेल्सची. जेथे कोळशाच्या खाणीत सोनेरी सुया निघत, त्याच मुलखात क्लायडॅक येथे १९०२ साली लुडविग माँड यांच्या पद्धतीने निकेल शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. ती पद्धत खरोखर विलक्षण आहे. कोळशाचा विषारी वायू निकेलवरून नेला की निकेल स्वतःच वायुरूप होऊन उडते, आणि पुढे तापवले की पुन्हा शुद्ध धातू होऊन बसते. पण १९३० च्या सुमारास असे दिसू लागले की त्या कारखान्यातल्या माणसांना नाकाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग फार होतो. १९३२ च्या सरकारी तपासणी अहवालात नाकाच्या कर्करोगाचे दहा रोगी नोंदले गेले. हा व्यवसायजन्य रोग म्हणून ब्रिटनने भरपाईला पात्र ठरवला तो १९४९ साली. कारखाना सुरू होऊन सत्तेचाळीस वर्षे. अपराधी मुख्यतः भाजणीच्या वेळची धूळ, म्हणजे निकेल आणि गंधक, निकेल आणि प्राणवायू यांची संयुगे. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निकेलची संयुगे माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदवली.

हा रोग श्वासातून धूळ गेल्यावर वीस-तीस वर्षांनी उगवतो, म्हणून तो नाकारणे सोपे जाते. या उशिराने घडण्याचा एक निरुपद्रवी दाखला आपल्या बाजारातच आहे. मोठ्या दुकानांना जाड, कडक केलेल्या काचा लावतात. ही काच सहाशे अंशांवर तापवून हवेच्या झोताने एकदम निववलेली असते. अशी एखादी काच कोणी दगड न मारता, एखाद्या शांत दुपारी, आपोआप चुरा होऊन पडते. लोक भुताटकी म्हणतात. भूतच आहे, पण ओळखीचे. काच वितळवताना एखाद्या हत्याराचा निकेलचा कण पडला आणि तेथे गंधक भेटला, तर मिलीमीटरच्या दशांशाइतका निकेल-सल्फाइडचा खडा तयार होतो. तापलेला असताना तो एका रूपात असतो. ३७९ अंशांखाली त्याचे खरे रूप मिलेराइटचे, आणि ते आकाराने दोन ते चार टक्क्यांनी मोठे. काच झटकन निववली की त्याला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग तो महिने, वर्षे, हळूहळू फुगत राहतो आणि एके दिवशी काच फोडून बाहेर पडतो. १९६१ साली ऑस्ट्रेलियात बॅलंटाइन यांनी मेलबर्नच्या एका उंच इमारतीच्या फुटलेल्या काचांवरून हे कोडे सोडवले. तेव्हापासून शहाणे कारखानदार काच बाजारात पाठवण्याआधी भट्टीत पुन्हा तापवून ठेवतात. ज्या फुटायच्या त्या तेथेच फुटतात. काचेची ही परीक्षा आधी घेता येते. माणसाच्या छातीची घेता येत नाही. तिच्याजवळ धूळ जाऊ न देणे एवढाच उपाय.

मित्रहो, हा सारा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. निकेलची मागणी वाढते आहे. पूर्वी ते पोलादाच्या भांड्यांत आणि मुलाम्यात जाई, आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांतही जाते. जगातले अर्ध्याहून अधिक निकेल आज इंडोनेशियाच्या लाल मातीतून निघते. भारत सरकारने २०२३ साली महत्त्वाच्या तीस खनिजांची यादी केली, तिच्यात निकेल आहे. गोव्यात कुंकळ्ळीला निकेलचा कारखाना आहे. आणि आपल्या महाराष्ट्राचा दगड सगळाच काळा नाही. पूर्वेकडे चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरीच्या भागात आपल्या लाव्ह्याहून कितीतरी जुने खडक आहेत. तेथे हेटी गावाजवळ तांबे, निकेल आणि प्लॅटिनम-वर्गातील धातू असलेली गंधकी खनिजे भूवैज्ञानिकांना आढळली आहेत. म्हणजे शिलारसाला गंधक भेटल्याची खूण मराठी मुलखातही आहे. ती खाण होईल की नाही हे ठरायचे आहे.

होणार असेल तर मला विरोध करायचा नाही. मी धातूंच्या जिवावर पोट भरलेला माणूस आहे, आणि निकेलशिवाय आपले स्वयंपाकघरही चालत नाही. पण तिसऱ्या दिवशी कुदळ पडण्यापूर्वी पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात: गंधक कोठे जाणार, धूळ कोणाच्या छातीत जाणार, आणि काम करणाऱ्याची नोंद तो काम सोडून गेल्यावरही तीस वर्षे कोण ठेवणार. सडबरीने आणि क्लायडॅकने हे प्रश्न उशिरा विचारले. आपल्याला ते उशिरा विचारण्याची सबब उरलेली नाही.

त्या म्हाताऱ्या सोबत्याचे शेवटचे दिवस मी पाहिले. हाताच्या भेगा मुलाम्याचे काम सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी भरल्या, पण घड्याळाचा पट्टा मनगटाला लागला की पुरळ पुन्हा उठे. अंगाने निकेल एकदा ओळखले की ते विसरत नाही. माझ्याही मनगटावर घड्याळ नाही ते याचमुळे. मघापासून मी अध्यक्षांच्या घड्याळाकडे पाहतो आहे. वेळ झाली.